हवालदाराच्या हाती आर्मी ॲक्ट: फोर्टात मिळणाऱ्या छोट्या प्रतीचे परीक्षण

मुंबईच्या हुतात्मा चौकातून उच्च न्यायालयाच्या दिशेने निघाले की कायद्याच्या पुस्तकांची जी दुकाने लागतात, त्यांत आर्मी ॲक्ट, १९५० ची, म्हणजे लष्कराच्या शिस्तीच्या कायद्याची, एक पातळ प्रत बहुधा मिळतेच. वकील मंडळी तिला बेअर ॲक्ट म्हणतात. तिच्यात टीकाटिप्पणी नसते, नुसती कलमे असतात, आणि किंमत दोनशे रुपयांच्या आत असते. मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो असून परळला राहतो. सुट्टीवर आलेले तरुण नाईक आणि हवालदार माझ्याकडे निरनिराळ्या अडचणी घेऊन येतात, पण त्यांतली सर्वांत नेहमीची अडचण म्हणजे हाताखालचा जवान ऐकत नाही, चारचौघांत उलट बोलतो, अशा वेळी करायचे काय. त्यामुळे या प्रतीची पारख मी याच एका प्रश्नावर केली आहे. दहा माणसांचे सेक्शन सांभाळणाऱ्या नाईकाला किंवा हवालदाराला हुकूमउदुलीच्या प्रसंगी आपले अधिकार कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात, हे या पुस्तकातून कळते का? माझे उत्तर असे की कळते, आणि अनेक वर्षांच्या ऐकीव माहितीपेक्षा पुष्कळ चांगले कळते. मात्र नुसता कायदा न घेता आर्मी रूल्स, १९५४ (कारवाईच्या पद्धतीचे नियम) सोबत बांधलेली प्रत घेतली पाहिजे, आणि काही पाने पेन्सिल हातात धरून वाचली पाहिजेत.

आधी वस्तूविषयी. आकार गणवेशाच्या खिशात मावेल असा नाही, पण पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात सहज बसतो. कागद पातळ आहे, मागच्या पानाची छपाई थोडी पुढे दिसते, आणि बांधणी फक्त चिकटवलेली असल्यामुळे पुस्तक पूर्ण उघडून टेबलावर ठेवले तर पाठीला चीर पडते. बराकीत दहा हातांतून फिरणाऱ्या पुस्तकासाठी ही बांधणी कच्ची आहे. अक्षर मात्र बरे आहे. ट्यूबलाइटच्या उजेडात चष्म्याशिवाय वाचता येईल इतके मोठे, आणि कलमांचे मथळे ठळक.

छपाईतला एक दोष मात्र मी किरकोळ मानायला तयार नाही. कलम ४० हे वरिष्ठावर हात उगारणे, त्याला धमकावणे किंवा त्याच्याशी उद्दामपणे बोलणे यांविषयीचे कलम आहे. त्याचे तीन खंड आणि शिक्षेचा मजकूर उजव्या पानाच्या तळाशी संपतो, आणि परंतुक, म्हणजे त्यातला अपवाद सांगणारा भाग, पान उलटल्यावर येते. उजव्या पानावरच थांबणाऱ्या वाचकाचा समज असा होतो की वरिष्ठ आपले कर्तव्य बजावत असताना त्याला कोणी उद्दामपणे उत्तर दिले तर चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पान उलटले की कळते की चौदा आणि दहा वर्षांच्या मर्यादा हल्ला आणि धमकी यांच्यासाठी आहेत. नुसत्या उद्दाम बोलण्यासाठी, म्हणजे तिसऱ्या खंड (क) साठी (इंग्रजीत (c)), पाच वर्षांपेक्षा अधिक कैद देता येत नाही. एवढा मोठा फरक पानाच्या कडेवर सोडणे हे प्रकाशकाचे दुर्लक्ष आहे. प्रत विकत घेतल्यावर पहिले काम म्हणून उजव्या पानाच्या तळाशी पेन्सिलीने ‘परंतुक मागे पाहा’ असे लिहून ठेवावे.

मागची सूचीही अशीच अपुरी आहे. सूचीत ‘इन्सबॉर्डिनेशन’ (अवज्ञा) या शब्दापुढे एकटे कलम ४२ दिलेले आहे, कारण त्या कलमाच्या मथळ्यात तो शब्द आहे. पण कलम ४२ चा मुख्य विषय वेगळा आहे: भांडणात सापडलेल्याने अटकेचा हुकूम न मानणे, पहाऱ्याला विरोध करणे, बराक किंवा कॅम्प सोडून निघून जाणे, प्रोव्होच्या (लष्करी पोलिसांच्या) कामात अडथळा आणणे, आणि कायम स्वरूपाच्या किंवा स्थानिक हुकुमांकडे दुर्लक्ष करणे. सेक्शन कमांडरला रोज जो प्रकार भेटतो, तो कलम ४० च्या खंड (क) मध्ये, कलम ४१ च्या दोन पोटकलमांत आणि काही वेळा कलम ६३ मध्ये, म्हणजे सुव्यवस्था आणि लष्करी शिस्त यांना बाधक वर्तनाच्या कलमात सापडतो. सूचीवर विसंबून राहणारा हवालदार चुकीच्या कलमावर जाऊन पोहोचतो, आणि चुकीच्या कलमाखाली लिहिलेली तक्रार सीओ (पलटणीचे कमांडिंग ऑफिसर) साहेबांसमोर टिकत नाही. वाचायचे असेल तर कलम ३७ पासून ५० पर्यंत सलग वाचावे. पाने थोडीच आहेत.

या पुस्तकाची खरी किंमत कलम ४१ मध्ये वसूल होते. माझा भाचा एका पलटणीत नाईक आहे. तो सुट्टीवर आला असताना हे पुस्तक आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर उघडले, आणि त्याने कलमावर बोट ठेवून मला विचारले, “मामा, चौदा वर्षे लिहिली आहेत इथे. मग मी त्या पोराला चौदा वर्षांची भीती घातली तर माझे काय चुकले?” मी त्याला म्हटले, “आधी तू त्याला नेमके काय सांगितलेस ते जसेच्या तसे सांग.” प्रसंग असा होता. संध्याकाळच्या फॉल-इनमध्ये (रांगेतल्या हजेरीत) त्याने सगळ्या टोळीला उद्देशून सांगितले होते की उद्या सकाळी स्टोअरची साफसफाई आहे. मागच्या रांगेतून एक जवान “बघू” म्हणाला, दोघे-तिघे हसले, आणि दुसऱ्या दिवशी तो जवान उशिरा पोहोचला. भाच्याच्या मते ही सरळसरळ कलम ४१ ची हुकूमउदुली होती.

आम्ही कलम पुन्हा, एकेक शब्द तोडून वाचले. पोटकलम (१) मधली चौदा वर्षे कोणत्याही हुकुमाच्या मोडणुकीसाठी नाहीत. हुकूम कायदेशीर हवा, तो वरिष्ठाने स्वतः आणि आपले कर्तव्य बजावत असताना दिलेला हवा, आणि तो अशा रीतीने मोडलेला हवा की त्यातून अधिकाराला जाणूनबुजून आव्हान दिलेले दिसावे. येथे वरिष्ठ म्हणजे केवळ अधिकारी नव्हे, कारण कायद्याच्या व्याख्येत जेसीओ (सुभेदारासारखे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) आणि एनसीओही (नाईक-हवालदार) येतात, त्यामुळे नाईकाचा हुकूम हाही वरिष्ठाचाच हुकूम. पण सगळ्या टोळीला दिलेली सर्वसाधारण सूचना आणि एका जवानाला समोर उभे करून दिलेला हुकूम यांत लष्करी कायदा फरक करतो. शिवाय काम उद्या सकाळचे असेल तर आज संध्याकाळी “बघू” म्हटल्याने हुकूम मोडला गेला असे होत नाही. तो पाळायची वेळ आणि संधी आली, आणि तरीही पाळला नाही, तर मोडला. विसरभोळेपणा किंवा गैरसमज यांमुळे राहिलेले काम या कलमाखाली येत नाही, फार तर कलम ६३ खाली येते. पोटकलम (२) मध्ये जाणूनबुजून आव्हान देण्याची अट नाही, म्हणून तेथे शिक्षाही हलकी आहे: जवान प्रत्यक्ष युद्धसेवेत नसेल तर पाच वर्षांपर्यंत.

मग उरला तो “बघू” हा शब्द आणि पाठोपाठचे हसू. ते उद्दाम बोलणे ठरेल का, हे स्वर, ठिकाण, ऐकणारे आणि त्या दोघांमधला पूर्वीचा संबंध यांवर अवलंबून आहे. कायद्याने हे मोजण्याची पट्टी दिलेली नाही आणि देताही येणार नाही. भाच्याला मी सांगितले की त्या संध्याकाळी चौदा वर्षांची भीती घालण्याऐवजी त्याने फॉल-इन संपल्यावर त्या जवानाला नावाने हाक मारून थांबवायला हवे होते, दुसऱ्या एका लान्स नाईकाला शेजारी उभे करायला हवे होते, आणि शांत आवाजात सांगायला हवे होते: सकाळी सहा वाजता स्टोअरच्या दारात हजर राहा, हा माझा तुला हुकूम आहे, काय समजलास ते मला परत सांग. एवढे झाल्यावर दहापैकी नऊ जवान वेळेवर हजर होतात. उरलेला एक हजर झाला नाही, तर कलम ४१ मध्ये जे काही लागते त्यातले बहुतेक सगळे त्या दोन वाक्यांत आधीच तयार असते, आणि साक्षीदारही असतो. या कलमाचा उपयोग जवानाला घाबरवण्यासाठी फारच थोडा आहे. हुकूम कसा द्यावा हे नाईकाला शिकवण्यासाठी फार मोठा आहे. पलटणीतल्या कोणत्याही कॅडरमध्ये (प्रशिक्षण वर्गात) इतक्या थोड्या शब्दांत हे शिकवलेले मी पाहिलेले नाही.

हुकूम देऊनही जवान तोंडावर “नाही करणार” म्हणाला, तर पुढे काय? याचे उत्तर पुस्तकात आहे, पण ते तीन ठिकाणी विखुरलेले आहे, आणि ते जुळवून देणारी एकही तळटीप नाही. कलम १०१ प्रमाणे कोणताही वरिष्ठ गुन्ह्याचा आरोप असलेल्या जवानाला लष्करी ताब्यात घेण्याचा हुकूम देऊ शकतो, म्हणजे प्रसंग तसाच असेल तर हवालदारही त्याला क्वार्टर गार्डला (पलटणीच्या पहाऱ्याच्या कोठडीत) पाठवू शकतो. कलम ५० मात्र हवालदारावर लगेच एक जबाबदारी टाकते: ज्याने ताब्यात दिले त्याने, योग्य कारण नसेल तर, शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत ४८ तासांच्या आत, गुन्ह्याचा लेखी आणि स्वतःच्या सहीचा वृत्तान्त ताबा घेणाऱ्याकडे दिला पाहिजे, न दिल्यास तो स्वतःच गुन्हेगार ठरतो आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम १०२ सीओवर बंधन घालते की ताब्यात घेतल्याची खबर मिळाल्यापासून ४८ तासांच्या आत, अगदीच अशक्य नसेल तर, आरोपाची चौकशी व्हावी. हवालदारांना पहिला अधिकार पाठ असतो, दुसऱ्या जबाबदारीचे नावही ऐकलेले नसते. रागाच्या भरात जवानाला गार्डरूममध्ये बसवून स्वतः जेवायला निघून जाणाऱ्या हवालदाराने कलम ५० दोनदा वाचावे.

शिक्षेच्या बाबतीत पुस्तक अगदी स्वच्छ आहे, आणि मला वाटते हाच भाग प्रत्येक सेक्शन कमांडरने सर्वांत आधी वाचावा. कलम ८० मध्ये जवान आणि एनसीओ यांना कोर्ट मार्शलशिवाय देता येणाऱ्या शिक्षांची यादी आहे: २८ दिवसांपर्यंत लष्करी कोठडीतील कैद, २८ दिवसांपर्यंत स्थानबद्धता, २८ दिवसांपर्यंत लाइनमध्येच राहण्याचे बंधन, जादा गार्ड किंवा ड्यूटी, महिन्यातून १४ दिवसांच्या पगारापर्यंत दंड, ताकीद आणि सक्त ताकीद, आणि आणखी काही. या शिक्षा देण्याचा अधिकार सीओ किंवा तसा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा आहे. नाईक, हवालदार, सीएचएम (कंपनी हवालदार मेजर) किंवा सुभेदार यांच्यापैकी कोणाचेही नाव तेथे नाही. जादा गार्डसुद्धा, ती शिक्षा म्हणून द्यायची असेल तर, याच यादीत बसते. पुढच्या कलम ८१ मध्ये या शिक्षांना मर्यादा आहेत: कैद, स्थानबद्धता आणि लाइनबंदी यांपैकी दोन किंवा अधिक एकत्र दिल्या तरी एकूण ४२ दिवसांच्या वर जाता येत नाही, आणि पहिल्या तीन शिक्षा एनसीओला देता येत नाहीत.

याच्या जोडीला कलम ४७ ठेवले पाहिजे. हाताखालच्या माणसावर बळाचा वापर करणाऱ्या किंवा त्याला अन्य प्रकारे वाईट वागवणाऱ्या अधिकारी, जेसीओ, वॉरंट ऑफिसर किंवा एनसीओला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उलट बोलणाऱ्या जवानाला कलम ४० च्या खंड (क) खाली अधिकात अधिक पाच वर्षे, आणि त्याला थप्पड मारणाऱ्या हवालदाराला कलम ४७ खाली अधिकात अधिक सात. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की कायदा बनवणाऱ्यांनी काय ओळखले होते ते स्पष्ट दिसते. ट्रेनिंग सेंटरमध्ये उस्तादाच्या हाताखाली रगडा (अंग मोडणारी शिक्षा) खाऊन मोठी झालेली माणसे पलटणीत नाईक झाल्यावर तीच सवय पुढे चालवतात, आणि ज्या जवानावर उद्या सकाळी रीतसर कारवाई होऊ शकली असती तोच जवान आज संध्याकाळी तक्रारदार होतो. हात उचलला गेला त्या क्षणी मूळ हुकूमउदुलीचे प्रकरण हवालदाराच्या हातून निसटते. हे मी माझ्या नोकरीत इतक्या वेळा घडताना पाहिले आहे की या एका कलमासाठीही मी हे पुस्तक विकत घ्या असे म्हणेन.

आता मोठी उणीव. नुसत्या कायद्याच्या प्रतीत आर्मी रूल्स नाहीत, आणि जवानाला मार्च अप करून सीओ साहेबांसमोर उभे केल्यावर जे घडते ते सगळे त्या रूल्समध्ये आहे. रूल २२ सांगतो की आरोप आरोपीच्या समोर ऐकला गेला पाहिजे, आपल्याविरुद्धच्या साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची, स्वतःचे साक्षीदार बोलावण्याची आणि बचावाचे निवेदन करण्याची त्याला पूर्ण मोकळीक हवी, आणि पुराव्यावरून गुन्हा दिसत नसेल तर सीओने आरोप फेटाळला पाहिजे. म्हणजे ज्या नाईकाने तक्रार केली त्यालाच तो जवान तेथे उलट प्रश्न विचारू शकतो: मला हुकूम कधी दिला, कोणत्या शब्दांत दिला, तेव्हा कोण हजर होते? या तयारीशिवाय पेशीला जाणारा नाईक अडखळतो, आणि त्याचे अडखळणे सगळ्या कंपनीत पसरते. रूल २३ मध्ये साक्षी लेखी नोंदवण्याची पद्धत आहे, रूल २४ मध्ये त्या पुराव्यावर सीओने पुढे काय करायचे ते आहे. हे तीन रूल नसलेली प्रत घेऊन अर्धीच माहिती पदरात पडते. कायदा आणि रूल्स एकत्र बांधलेली प्रत थोडी जाड आणि थोडी महाग असते, पण शिस्तीच्या कामासाठी तीच घ्यावी.

तक्रारीच्या बाजूने पुस्तक काय देते तेही सांगितले पाहिजे, कारण माझ्या अनुभवात उद्दाम दिसणाऱ्या पुष्कळ जवानांच्या मागे सुट्टी नाकारल्याची, ड्यूटी सतत एकावरच पडल्याची किंवा लंगरमधल्या अपमानाची न ऐकलेली तक्रार असते. कलम २६ जवानाला आणि एनसीओला वरिष्ठाविरुद्ध तक्रार मांडण्याचा मार्ग देते: कंपनीत असेल तर कंपनी कमांडरकडे, आणि तक्रार त्याच्याविरुद्धच असेल तर त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे. हा मार्ग बंद केला तर काय होते हे मुंबईकरांना दूर जाऊन शोधावे लागत नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्यातल्या ‘तलवार’ या नौदलाच्या सिग्नल शाळेत नाविकांनी जेवण आणि काम नाकारले. खराब जेवण आणि कमांडिंग अधिकाऱ्याची शिवराळ भाषा यांविरुद्ध त्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या, आणि त्यांची दखल नीट घेतली गेली नव्हती. त्या उठावामागे स्वातंत्र्याची मोठी ओढ होती आणि त्याचे मोल वेगळे आहे. पण शिस्त राखणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर सुरुवात ऐकून न घेतलेल्या तक्रारीपासून झाली आणि काही दिवसांत ती मुंबई, कराची आणि इतर बंदरांतल्या जहाजांवर पोहोचली. २३ फेब्रुवारीला नाविकांनी शरणागती पत्करली. कुलाब्यात त्या उठावाचे स्मारक आहे. ज्याला हाताखाली माणसे मिळाली आहेत अशा तरुणाने कलम २६ वाचल्यावर तेथे एकदा जाऊन यावे असे मला मनापासून वाटते.

न्यायालयांचे निकाल या प्रतीत नाहीत, आणि बेअर ॲक्टकडून ती अपेक्षाही धरता येत नाही. तरी एक निकाल वेगळा मिळवून वाचावा, कारण तो नेमका याच विषयावर आहे. रणजित ठाकूर विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९८७ मध्ये दिला. या जवानाने ठरलेला मार्ग सोडून वरच्या अधिकाऱ्यांकडे निवेदन पाठवल्याबद्दल त्याला २८ दिवसांची कैद झाली होती. ती भोगत असताना जेवण घेण्याचा हुकूम त्याने मानला नाही, म्हणून कलम ४१ (२) खाली समरी कोर्ट मार्शल झाले, आणि त्याला एक वर्षाची कैद व बडतर्फी अशी शिक्षा झाली. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याची तक्रार होती तोच त्या कोर्टात बसलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने हा पक्षपात मानला, शिक्षाही अपराधाच्या मानाने बेसुमार जड ठरवली, आणि ती रद्द करून त्याला नोकरीत परत घेण्याचा आदेश दिला. हुकूम मोडला गेला होता की नाही याच्या पलीकडचा हा प्रश्न आहे: ज्याच्याशी भांडण आहे त्यानेच निवाडा करायचा नाही, आणि राग कितीही रास्त असला तरी शिक्षा अपराधाच्या मापातच हवी. नाईकाच्या पातळीवरही ही शिकवण लागू आहे. ज्या जवानाशी आपले वैयक्तिक वाजले आहे, त्याची तक्रार लिहिताना दुसऱ्या एनसीओला मजकूर दाखवावा आणि आधी कंपनीतल्या वरिष्ठ जेसीओ साहेबांच्या कानावर घालावा. आज अशा प्रकरणांसाठी २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचे खंडपीठ मुंबईतही आहे, आणि समरी कोर्ट मार्शलमध्ये बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून अधिक कैद झाली असेल तर जवानाला तेथे दाद मागता येते.

जे कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात मिळणार नाही तेही येथे नोंदवतो, म्हणजे घेणाऱ्याची अपेक्षा वाजवी राहील. दारूच्या नशेतल्या जवानाला हुकूम देऊ नये आणि त्याच्याशी वाद घालू नये. त्याच्या सोबत्यांकडून त्याला बाजूला न्यावे, सुरक्षित ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर बोलावे. नशेच्या मूळ गुन्ह्यासाठी कलम ४८ आहेच, पण त्याच्यावर ओरडून आपणच त्याला कलम ४० पर्यंत ढकलत नेतो. दुसरे असे की पहिल्या उलट उत्तराला कागद काढू नये. बाजूला घेऊन पाच मिनिटे बोलावे, घरी काही घडले आहे का ते विचारावे, आणि हे बोलणे आपल्या वहीत तारखेसह एका ओळीत टिपून ठेवावे. तिसऱ्यांदा तोच प्रकार घडला तर ती वही सीओ साहेबांसमोर कोणत्याही भाषणापेक्षा जास्त बोलते. मात्र प्रत्यक्ष कारवाईच्या भागात, पोस्टवर किंवा हत्यार हातात असताना हुकूम नाकारला गेला, तर तेथे समजावण्याला जागा नाही. त्याला तात्काळ बाजूला करून, शक्य असेल तेथे हत्यार काढून घेऊन, वर कळवावे. कायद्यानेही प्रत्यक्ष युद्धसेवेतल्या अवज्ञेला चौदा वर्षांपर्यंतची मर्यादा ठेवली आहे ती याच गांभीर्यामुळे.

भाषेचा प्रश्न खरा आहे. मी गेलो त्या दुकानांत मराठी प्रत नव्हती. हिंदी आणि इंग्रजी मजकूर समोरासमोर असलेली द्विभाषी प्रत मागून पाहावी, कारण आपल्याकडच्या नाईकांना कायद्याचे इंग्रजी जड जाते. पण त्या प्रतीतले हिंदीही सरकारी थाटाचे आहे, त्यामुळे दोन्ही मजकूर ताडून वाचावे लागतात. मराठा लाइट इन्फंट्री आणि महार रेजिमेंट या दोन रेजिमेंटांत मराठी पोरे पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आली आहेत, तरी या कायद्याचा सोपा आणि विश्वासार्ह मराठी अनुवाद दुकानात सहज हाती लागत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. संपूर्ण कायदा सरकारच्या इंडिया कोड या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो, आणि ज्याला फोनवर वाचायची सवय आहे त्याने तो तेथे जरूर वाचावा. तरीही मी कागदी प्रतीची शिफारस करतो, कारण कित्येक ठिकाणी फोन जवळ बाळगता येत नाही, आणि पेन्सिलीच्या खुणा केलेले पुस्तक सेक्शनमध्ये पुढच्या नाईकाला देता येते.

घेताना छपाईचे वर्ष पाहावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे त्याआधीच्या प्रतींतल्या तळटिपा जुन्या दंड संहितेकडे बोट दाखवतात. ज्यांची बदली तिन्ही दलांच्या संयुक्त आस्थापनेत झाली आहे त्यांनी २०२३ चा आंतर-सेवा संघटनांविषयीचा कायदाही पाहावा. तो १० मे २०२४ पासून अंमलात आहे आणि अशा आस्थापनेच्या प्रमुखाला आपल्या हाताखालच्या तिन्ही दलांतल्या माणसांवर शिस्तीचे अधिकार देतो. सुभेदाराच्या हाताखाली हवाईदलाचा जवान काम करत असेल तर तक्रार कोणाकडे जायची हा गोंधळ पूर्वी होत असे. हा कायदा मी पाहिलेल्या एकाही छोट्या प्रतीत जोडलेला नव्हता. हवाईदलाच्या मंडळींनी आर्मी ॲक्टवर पैसे घालू नयेत. एअर फोर्स ॲक्ट, १९५० वेगळा मिळतो आणि त्यात कलम ४० ते ४२ याच विषयांवर आहेत. नौदलाचा कायदा १९५७ चा आहे आणि त्याची रचना निराळी आहे, तेव्हा कुलाब्याच्या नाविकांनी दुकानात तोच नावाने मागावा.

दुकानदार बहुतेक ठिकाणी समोर ठेवलेली पातळ प्रतच आधी पुढे करतो. कायदा आणि रूल्स एकत्र असलेली प्रत मागच्या फडताळात असते आणि ती मागितल्याशिवाय बाहेर येत नाही. विकत घेण्याआधी अनुक्रमणिकेत रूल २२ शोधावा, कलम ४० चे परंतुक कोणत्या पानावर आले आहे ते उघडून पाहावे, आणि बांधणी शिवलेली असेल तर थोडे पैसे जास्त मोजूनही तीच घ्यावी.